खंडेनवमीला धुतलेली टाकी

फाट्यावर एसटीतून उतरले आणि कारखान्याच्या गेटपर्यंत पोचायच्या आधीच नाकाला कळलं, काहीतरी बिनसलंय. माझ्या टाकीचा वास येत नव्हता.

माझ्या टाकीला ओल्या मातीचा वास होता. कोरड्या रानात कुणी तांब्याभर पाणी ओतलं की येतो, तसा. त्या दुष्काळाच्या साली आसपासच्या गावांत तसा वास दुसरीकडे कुठंच उरला नव्हता, म्हणून मला तो लांबूनच सापडायचा. तो आला की मी निवांत व्हायचे. आज वाऱ्यावर ब्लिचिंग पावडर होती. दवाखान्याच्या मोरीतून येते तशी, डोळ्यांत जाणारी.

बाळी कडेवर झोपलेली. दसरा नांदेडला आईकडे करून परत येत होते. चाकूरच्या खोलीवर सामान टाकून मग यायचं, असं ठरवलं होतं, पण अहमदपूर मागे पडलं तसा जीव राहीना. खांद्यावरच्या पिशवीत कडाकण्यांचा डबा खडखडत होता, आणि मी तशीच गेटमधून आत शिरले.

"शरणार्थ मॅडम! या, या. आधी टाकी बघा, मग च्या घ्या."

महादेवप्पा हात जोडून समोर आले. मालकांचे मेहुणे, कारखान्याचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते इथं लिहिता येणार नाही.

टाकीच्या कठड्याला ताजा चुना दिला होता. चुन्यावर गेरूची स्वस्तिकं. ब्लोअरला, म्हणजे टाकीत हवा सोडायच्या यंत्राला, विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, मध्ये कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. ब्लोअर गप्प होता. आणि टाकीत नितळ पाणी. तळाचा सिमेंटचा गिलावा स्वच्छ दिसत होता.

"कशी आरशावानी केलीय," महादेवप्पा म्हणाले. "तोंड बघून घ्या."

"गाळ कुठंय?"

"कंचा गाळ?"

"टाकीतला. तपकिरी."

"ती घाण व्हय? काढली की! ट्रॅक्टरनं मागच्या माळावर नेऊन टाकली. गडी दिवसभर राबले, मॅडम. मालकांच्या घरून अव्वा पूजेला आल्या उदगीरहून. त्या म्हणल्या, खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन पुसून लख्ख, आन् हे मधीच काय गटार फेसाळून राहिलंय? मग आतून ब्लिचिंग मारलं, घासलं, साफ पाण्यानं खंगाळलं. तो कच्च्या पाण्याचा हौदबी धुतला संगं. म्हणलं, मॅडम येऊन बघतील तर खूश होतील."

बाळी जागी झाली होती आणि हात लांब करून झेंडूची माळ ओढत होती. तिला फार आवडली होती ती.

"मी जाताना काय सांगितलं होतं?" मी म्हणाले. "ब्लोअर बंद करायचा नाही. काही झालं तरी."

"खंडेनवमीला यंत्र चालवायचं असतं का मॅडम? आमची आई त्या दिवशी विळीसुदीक हातात घेत नव्हती. वर्षातून एक दिवस त्येला इसावा नको?"

"यंत्राला द्या हो विसावा! आतल्यांना श्वास घ्यायला हवा लागते!"

महादेवप्पांनी टाकीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडं.

"आत कोन हाय?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? मी इथं लागल्यापासून सगळ्यांना सांगत आले होते, आणि सगळे मान हलवत आले होते.

ईश्वरप्पांचा कारखाना एक प्रकारची भुकटी बनवतो. ती साच्यात घालून तापवली की त्यातून विजेची बटणं होतात, सॉकेट होतात, कुकरच्या मुठी होतात. घराण्याची मूळ डाळमिल. लातूर जिल्हा वेगळा झाला, मागास भागाची सवलत आली, तसा त्यांनी इथला माळ घेतला. पत्त्यात लोक अजून जिल्हा उस्मानाबादच लिहीत होते, तेव्हा यांची चिमणी धूर सोडायला लागली होती. भुकटीला फिनॉल लागतं. मोठ्या केटलीत ते शिजवलं की मागं तांबूस, झोंबरं पाणी उरतं. बोटावर पडलं तर कातडी पांढरी होते आणि मग कळत नाही, बधिर होते. हे पाणी साफ केल्याशिवाय सोडायचं नाही या अटीवर परवानगी होती, म्हणून टाकी बांधली. टाकी बांधल्यावर कळलं की ती चालवायला माणूस लागतं, म्हणून मला घेतलं. नांदेडच्या कॉलेजातली सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, वर कडेवर मूल. पगार कमी दिला तरी चालेल अशी बाई.

फिनॉल खाणारे जिवाणू काही लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात किलोवर मिळत नाहीत. मी नाल्यापलीकडच्या पंचफुलाबाईंच्या म्हशीचं शेण आणलं. आणि जिथं फिनॉलचे ड्रम गळायचे तिथली काळी पडलेली माती खुरप्यानं खरवडून आणली. त्या मातीत गवत उगवत नव्हतं, मुंगी फिरकत नव्हती. जे तिथंही मेले नव्हते तेच मला हवे होते. त्यांना गुळाचं पाणी दिलं, चिमूट चिमूट युरिया दिला, हवा दिली. मग फिनॉलचं पाणी. आधी थेंब, मग वाटी, मग बादली. त्याच दिवसांत मी बाळीला वरणाचं पाणी चाटवायला लागले होते. जरा जास्त झालं की दोन्हीकडं सारखंच. इकडं ती ओकायची, तिकडं टाकीवर पांढरा फेस यायचा आणि मी दोघांचंही कमी करायचे, दोघांनाही गोंजारायचे. टाकीला गोंजारायचं कसं, तर काठीनं ढवळत उभं राहायचं आणि बोलत राहायचं. कारखान्यातल्या गड्यांनी मला वेडीत काढलं होतं.

मग एक सकाळ अशी आली की काचेच्या उंच नळीत मी टाकीतलं पाणी धरलं आणि तपकिरी रवा हळूहळू खाली बसला, वर स्वच्छ पाणी राहिलं. त्या पाण्यात फिनॉलची खूण पाहायचं औषध टाकलं. रंग आला नाही. पुन्हा टाकलं. नाहीच आला. अख्खी केटल शिजवल्यावरचं ते झोंबरं पाणी माझ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या लेकरांनी खाऊन टाकलं होतं. मी बाळीला झोळीतून काढून नाचवलं होतं त्या दिवशी.

आणि ही माणसं म्हणत होती, घाण.

मी माळावर धावले. गाळाचा ढीग उन्हात वाळून चिरा पडल्या होत्या, खरकट्या तव्यासारखा. बाळीला जमिनीवर ठेवलं आणि हातांनी उकरायला लागले. वरचं सगळं खापर. फार खाली, मधोमध, मुठीत मावेल एवढं ओलसर काहीतरी लागलं. नाकाला लावलं. कुजका वास, पण त्याच्या खाली कुठंतरी अगदी बारीक, ती मातीची चाहूल होती. की मलाच वाटलं, कोण जाणे.

"बाई! ओ बाई! लेकरू उन्हात टाकून काय उकरून राहिल्या?"

पंचफुलाबाई नाल्याकडून धावत आल्या आणि बाळीला उचलून पदरात घेतलं. कारखान्याच्या कुंपणाला लागून नाला आहे, नाल्याच्या पलीकडं त्यांची वस्ती. माझं काम चालू असताना बाळीला त्याच सांभाळतात. त्यांच्याशिवाय माझी नोकरी आठवडाभरसुद्धा टिकली नसती.

"मेले सगळे, मावशी," मी म्हणाले. "टाकी धुतली यांनी."

"आसं का," त्या म्हणाल्या आणि बाळीच्या डोक्यावर पदर ओढला. मग आवाज बदलून म्हणाल्या, "म्हणून व्हय पाण्याला आसा वास? दसऱ्यापासून च्या पिऊ वाटंना. दवाखान्यात नर्सबाई सुई मारायच्या आधी पुसती, तसा वास येऊन राहिला. पोरं थुकून टाकायलीत. आमी म्हणलं हंडे खराब झाले आसतील, राखेनं घासघास घासले."

मी तो ओलसर गोळा ढिगाच्या पोटात परत दाबला आणि नाल्याकडं बघितलं.

नाला आटून पार उन्हाळा लोटला होता, पावसाळाही तसाच गेला. नाल्यात ओल होती ती फक्त माझ्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची. ते पाणी वाळूत जिरायचं आणि खाली थोड्या अंतरावर बायकांनी वाळू उकरून झिरे केले होते. वाटीवाटीनं हंडा भरायचा. मला हे कळलं तेव्हा माझी झोप उडाली होती. मी तुमचं पाणी रोज तपासते, पण दुसरं काही मिळालं तर हे पिऊ नका, असं मी वस्तीवर जाऊन सांगितलंही होतं. "दुसरं काय मिळंल, दाखवा की," असं कस्तुराबाई म्हणाली होती. वस्तीतली सगळ्यांत मोठी ती, आणि सगळ्यांत तिखट. माझ्या नवऱ्याला, अनंतरावांना, मी विचारलं. ते लातूरला कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत आहेत. ते म्हणाले, "झिऱ्यात पाणी असेपर्यंत टँकर मंजूर होत नाही. नियमच तसा आहे." तेव्हापासून सकाळी आल्या आल्या मी आधी टाकीचं पाणी तपासायचे, मग झिऱ्याचं, आणि मग बाळीला पाजायला बसायचे.

आता केटलीचं झोंबरं पाणी साठवायचा तो कच्चा हौद धुतलेलं पाणी, त्यात फिनॉल, आणि त्याच्यावर ब्लिचिंग पावडर. ही दोन एकत्र आली की असं काही तयार होतं की हंडाभर पाण्यात कणभर असलं तरी जिभेला कळतं. ते पाण्यातून काढायला माझ्याकडं काही नव्हतं. माझ्याकडं होते ते यांनी माळावर नेऊन वाळवले होते.

"मावशी, घरी चहा उरलाय का?"

"हाय की किटलीत. कोन पितंय तो?"

"तशीच किटली घेऊन मालकांच्या बैठकीवर या."

कारखान्याच्या मागच्या अंगाला मालकांच्या दोन खोल्या आहेत, पुढं ओटा. ईश्वरप्पा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांच्या पत्नी गुरम्मा, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, आतल्या दारात. कपाळभर विभूती, नऊवारी, ताठ कणा. महादेवप्पा माझ्या आधीच तिथं पोचले होते.

"मालक, उद्या केटल लावू नका."

"का बरं?"

"टाकी मेली."

"टाकी काय म्हैस हाय का मॅडम, मरायला?" ईश्वरप्पा हसले. महादेवप्पाही हसले. मला त्या क्षणी ती सुपारी, तो अडकित्ता सगळं नाल्यात फेकून द्यावंसं वाटलं.

"हसू नका. केटलीचं पाणी साफ करणारं आता टाकीत काही नाही. नुसतं पाणी आहे. मुलं आंघोळ करतील असं."

"मग पुन्हा टाका की शेण. आनू दोन घमेली."

"शेण टाकलं म्हणजे झालं नाही. त्यांना वाढवावं लागतं, फिनॉलची सवय लावावी लागते. दिवाळी उलटून जाईल."

"दिवाळी!" त्यांचा अडकित्ता थांबला. "पुण्याची ऑर्डर हाय मॅडम. दिवाळीनंतर कोन घेतंय? तोवर पाणी नाल्याला सोडू. कोरडा ठाक पडलाय. जमीन पिऊन टाकंल, पाऊस आला की धुऊन जाईल."

"कुठला पाऊस?"

"येईल की कवा तरी."

"त्या नाल्यात झिरे आहेत. बायका पाणी भरतात."

"ते लई खाली हायेत."

"खाली आहेत म्हणूनच पाणी तिकडं जातं, मालक! वर गेलं असतं का?"

महादेवप्पा घसा साफ करत म्हणाले, "मॅडम, जरा हळू. मालक हायेत."

मी हळू बोलणार नव्हते. लग्न झाल्यापासून हळूच बोलत होते, आणि कॉलेजात त्याच्याही आधीपासून. तेवढ्यात पंचफुलाबाई आल्या. एका काखेत बाळी, दुसऱ्या हातात काळी पडलेली ॲल्युमिनियमची किटली. त्यांनी ओट्यावर ठेवलेली मालकांचीच कपबशी उचलली आणि चहा ओतून दाराशी नेला.

"घ्या अव्वा. सणाचा च्या हाय."

गुरम्मांनी कप घेतला, नाकाजवळ नेला आणि तसाच लांब धरला.

"यात काय घातलंस गं?"

"म्या कायबी न्हाई घातलं. साखरसुदीक घरात न्हाई, गूळ घातलाय. बाकीचं तुमी घातलंय."

"मी?"

"तुमी टाकी धुतली न्हवं? ते धुणं आमच्या झिऱ्यात आलं. आमची लेकरं दसऱ्यापासून हेच पेऊन राहिलीत. नव्या लुगड्यावर सोनं वाटायला गेलो आन् घरोघर हाच च्या. तुमीबी घ्या घोटभर."

गुरम्मा एकदा कपाकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला, पण शरमेनं नाही.

"अगं पोरी," त्या मला म्हणाल्या, "मी घाण दिसली ती धुतली. सणाला बाईनं आणखी काय करायचं असतं? तुझ्या त्या फेसात जीव हायेत हे मला कोन सांगितलं? तू सांगितलं? ह्यांनी सांगितलं?"

"मी सगळ्यांना सांगितलं होतं. मालकांना तर रोज."

गुरम्मांनी नवऱ्याकडं मान वळवली. ईश्वरप्पा सुपारी शोधायला लागले.

"बरं," ते म्हणाले. "नाल्याला नको तर नको. बाहेरचा वाल्व बंद करून टाका. हौदात साठवू. मग तर झालं?"

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. वाल्व बंद केला की विष थांबणार होतं. पण टाकीतून नाल्यात जाणारी ओलही थांबणार होती. झिरे पार कोरडे पडले असते, आणि टँकर काय लगेच दारात येत नाही. तलाठी येऊन बघणार, पंचनामा होणार, कागद चाकूरहून लातूरला जाणार. अनंतरावांच्या टेबलावर असे किती कागद आहेत ते मला माहीत आहे.

मी पंचफुलाबाईंना तसं स्पष्ट सांगितलं. वाल्व उघडा ठेवला तर वास असलेलं पाणी, आणि उद्यापासून त्याहून वाईट. बंद केला तर काहीच नाही.

त्यांनी बाळीला दुसऱ्या काखेत घेतलं.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "वास हाय तोवर तोंडाला कळतं तरी. उद्या वास न येणारं काहीतरी सोडलं तर? बंदच करा. आन् आमी उद्यापासून हितं येतो."

"हितं कुठं?" महादेवप्पा म्हणाले.

"ह्या बोअरवर. टाकी धुवायला पाणी हाय न्हवं तुमच्या बोअरला? आरशावानी खंगाळली म्हणं."

ईश्वरप्पा उभे राहिले. "बोअर कारखान्याची हाय. एका वस्तीला दिलं तर उद्या अर्धा तालुका हंडे घेऊन उभा राहतो. मग केटलीला कुठून आनू पाणी?"

"केटल लावायचीच नाही ना मालक," मी म्हणाले. "टाकी तयार होईपर्यंत. मग बोअरचं पाणी काय करायचं? पुन्हा धुणार आहात का काही?"

"मॅडम, तुम्ही पगार कोनाचा खाता?"

"तुमचा. आणि तुमच्या टाकीत पुन्हा जीव मीच आणणार आहे, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही. बोअर वस्तीला चालू राहिली तर आणेन. नाहीतर बाळीला घेऊन संध्याकाळच्या एसटीनं नांदेडला परत जाते. तुम्ही घाला दोन घमेली शेण आणि बसा बघत."

माझा आवाज कापत नव्हता, हे मलाच नवल. ईश्वरप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू ओट्यावरचा खांब बोलायला लागला.

"महादेव," दारातून आवाज आला. "बोअरचं बटण दाब."

"तू मधी पडू नको," ईश्वरप्पा म्हणाले.

"मी कवाच पडले मधी. टाकी धुवा म्हणून मीच सांगितलं न्हवं? तवा नाही कुणी म्हणलं मधी पडू नको." गुरम्मांनी तो कप ओट्यावरून खाली, मातीत ओतला. "पोरी, तू मला शिकवायची न्हाईस. पण माझ्या दारातून आसलं पाणी कुणाच्या लेकराच्या तोंडात जायचं न्हाई. महादेव, बहिरा झालास का?"

महादेवप्पा गेले.

वाल्वचं चाक गंजलेलं होतं. मी आणि पंचफुलाबाईंनी मिळून ते फिरवलं, ओढणी गुंडाळून, दात खाऊन. बाळी बाजूला पोत्यावर बसून आमच्याकडं बघत खिदळत होती. नाल्यातला बारीक ओघळ आक्रसत आक्रसत थांबला. खाली वाळूत वाकलेल्या बायकांनी माना वर केल्या.

कस्तुराबाई तिथून जी ओरडत निघाली ती थेट कुंपणापर्यंत.

"कोन गं ती पाणी बंद करणारी? शिकलेली! लेकुरवाळी म्हणवती आन् लेकरांचं पाणी तोडती! तुझ्या हाताला—"

पुढचं मी ऐकून घेतलं. पंचफुलाबाईंनी मध्ये पडून सांगेपर्यंत तिनं मला कारखान्याची, मालकाची, सरकारची, सगळी मिळून शिवी दिली. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बोअर? ईश्वरप्पा देतोय बोअर? बघू की." आणि हंडा काखेत मारून कुंपणाच्या फटीतून आत शिरली.

बोअरची नळी कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडं टाकली होती. बायका एकमेकींना ढकलत होत्या, ओरडत होत्या, कुणाचा हंडा कलंडला म्हणून कुणाच्या सात पिढ्या निघत होत्या. केटलीवरचे गडी भिंतीला टेकून उभे होते. उद्या काम नाही असं त्यांना कळलं होतं आणि ते माझ्याकडं बघत होते. त्यांच्याकडं बघायची माझ्यात हिंमत नव्हती. त्यांना काय सांगू? त्यांच्या चुली, यांचे हंडे, आणि चूक कुणाची तर झेंडूची माळ घालणाऱ्याची.

मी टाकीतलं नितळ पाणी शेजारच्या हौदात काढून घेतलं, ब्लिचिंगचा वास जाईपर्यंत टाकी उन्हात तापू दिली. माळावरच्या ढिगाच्या पोटातला तो ओलसर गोळा आणला. ड्रमाखालची माती पुन्हा खरवडली. शेणाची मात्र पंचाईत झाली. वस्तीची जनावरं छावणीवर गेलेली. पंचफुलाबाई छावणीवरून डोक्यावर पाटी घेऊन आल्या आणि टाकीत ओतताना म्हणाल्या, "घ्या तुमची लेकरं. ह्या बारीला कडी लावून ठेवा."

गूळ मी घरून आणला. ब्लोअर सुरू केला. टाकी पहिल्या दिवशी हिरवट, घाणेरडी, कुबट दिसत होती. बाळी जन्मली तेव्हा तीही अशीच दिसत होती, चिकट आणि चिडलेली, आणि मला तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं की हिला असंच बघायचं असतं, धुवायची घाई करायची नसते.

ईश्वरप्पा आले. कठड्याशी थांबले. आत वाकून पाहिलं, महादेवप्पांनी पाहिलं होतं तसंच.

"कधी व्हईल?"

"मला नका विचारू. त्यांना विचारा."

ते चिडले नाहीत. त्यांना खरंच काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं, पण विचारणार कुणाला ते त्यांना कळेना. भिंतीपलीकडून हंडा भरता भरता कस्तुराबाई ओरडली, "ओ मालक! टाकी झाली की मग? नळी गुंडाळून ठेवणार का?"

ईश्वरप्पा ऑफिसकडं वळले.

मी वाल्वपाशी गेले. चाकाचे नटबोल्ट पान्यानं सैल केले, चाक काढून हातात घेतलं. जड होतं. चाकाशिवाय टाकीतलं पाणी बाहेर जात नाही, आणि पाणी बाहेर गेल्याशिवाय केटल लागत नाही. भिंतीवरून ते कस्तुराबाईच्या हातात दिलं.

"हे काय करू? पापड वाळवू ह्याच्यावर?"

"काही करा. घरात ठेवा. टाकी झाली की मालक मागायला येतील."

"मग?"

"मग आधी बोअरचं बोला. चाकाचं नंतर."

तिनं चाक उलटंपालटं करून पाहिलं, भरल्या हंड्यावर झाकणासारखं ठेवलं आणि मला एक साधी शिवी देऊन वस्तीकडं निघाली. तिची चाल मात्र घाईची नव्हती.